लिनक्सवाले हसतात कशाला, आणि तुमचं घड्याळ साडेपाच तास मागे का पडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला. लॅपटॉप जुना, नवा घ्यायचा विचार नाही. म्हणून प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी भावाच्या मदतीने विंडोजच्या शेजारीच लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकली. मशीन पळायला लागलं. पण दोन गोष्टी छळतायत. एक म्हणजे अधूनमधून विंडोज उघडलं की घड्याळ साफ चुकलेलं असतं. दुसरी म्हणजे लिनक्स वापरणारे लोक आपापसांत जे विनोद करतात ते डोक्यावरून जातात. व्हिममधून बाहेर कसं पडायचं, मंगळवारी प्रिंट निघत नाही, मी आर्च वापरतो बरं का, असलं काहीतरी. त्या विचारतात, "हे लोक स्वतःच्याच सिस्टिमला हसतात. मग मी हसू, की घाबरून परत विंडोजवर जाऊ?"

मी २००६ पासून लोकांच्या मशीनवर लिनक्स टाकून देतो आणि टाकल्यावर पुढची वर्षंही सांभाळतो. शाळेची कॉम्प्युटर लॅब, वाचनालयं, किराणा दुकानं, एक-दोन वकील, बरेचसे निवृत्त शिक्षक. त्या अनुभवावरून सांगतो, घाबरू नका. या विनोदांपैकी बहुतेकांच्या मागे खरोखर घडलेली गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीचं कारण कोणीतरी शोधून सगळ्यांसाठी लिहून ठेवलेलं आहे. ते कारण कळलं की विनोद आपोआप कळतो, आणि जाता जाता लिनक्सही कळतं. म्हणून मी विनोद समजावण्याच्या निमित्ताने रोजच्या वापरातलं काय काय घडतं तेच सांगणार आहे.

आधी घड्याळ. मदरबोर्डवर बटणाएवढ्या सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. मशीन बंद असलं तरी ते चालू राहतं. विंडोज त्या घड्याळात आपली स्थानिक वेळ लिहितं. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ लिहितं आणि तुम्हाला दाखवताना साडेपाच तास मिळवून दाखवतं. सकाळी ९ वाजता तुम्ही लिनक्समधून बाहेर पडलात तर घड्याळात ३:३० असतात. लगेच विंडोज सुरू केलं की ते बिचारं समोर दिसेल ती वेळ खरी मानतं आणि पहाटेचे साडेतीन वाजलेत असं सांगतं. दोघांपैकी कोणाचंच घड्याळ बिघडलेलं नसतं, दोघांची मांडणी वेगळी असते, एवढंच.

एका हार्डवेअरच्या दुकानात हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. मालक दिवसा विंडोजवर बिलं करायचे, मुलगा रात्री त्याच मशीनवर उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार शिकायचा. दुकानात नेट नव्हतं, त्यामुळे वेळ आपोआप सुधारायची सोयही नव्हती. महिनाभराने हिशोब तपासणाऱ्यांनी मालकांना विचारलं, "तुमच्याकडे पहाटे पाच वाजता सिमेंटच्या गोण्या कोण नेतं?" साडेदहाची सगळी बिलं पाचची पडली होती. मुलगा बोलणी खाऊन माझ्याकडे आला. मी फक्त विचारलं, "फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे का?" तो चक्रावलाच. आपल्याकडे हा आकडा ऐकला की बाकी काही तपासावं लागत नाही. लंडनमधल्या माणसाला हिवाळ्यात ही अडचण दिसतच नाही, कारण तिथली वेळ आणि प्रमाणवेळ तेव्हा एकच असते. त्यामुळे घड्याळ साडेपाच तास मागे पडण्याची गंमत ही खास आपली आहे.

उपाय दोन आहेत. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, टाइमडेटसीटीएल ही आज्ञा देऊन तिच्यापुढे सेट-लोकल-आरटीसी आणि १ लिहिलं की लिनक्सही स्थानिक वेळ लिहायला लागतं. हे सोपं आहे, पण ती आज्ञाच तुम्हाला सांगते की ही पद्धत फारशी चांगली नाही. दुसरा उपाय विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या साठ्यात, एक नोंद करून त्याला प्रमाणवेळ वाचायला लावण्याचा. मी दुसरा पसंत करतो. पण रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर पहिला करा, भारतात घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढे-मागे होत नाहीत, त्यामुळे काही बिघडत नाही.

आता सुडोकडे येतो, कारण नव्या माणसाची पहिली धांदल तिथे उडते. सुडो म्हणजे घरच्या कर्त्या माणसाच्या अधिकाराने एखादं काम करणं. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो इथल्या विद्यापीठात हा प्रोग्राम लिहिला गेला. तो पासवर्ड विचारतो आणि बहुतेक ठिकाणी तुम्ही टाइप करत असताना पडद्यावर काहीच दिसत नाही. ठिपके नाहीत, तारे नाहीत, कर्सर जागचा हलत नाही. कारण सरळ आहे, मागे उभ्या असलेल्या माणसाला पासवर्ड किती अक्षरांचा आहे तेही कळू नये. पण हे आधी कोणी सांगितलेलं नसतं. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातले एक निवृत्त मास्तर दोन दिवस कीबोर्ड बिघडला म्हणून थांबले होते. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा कीबोर्ड उसना आणला, तोही चालेना. मी गेलो तेव्हा दोन्ही कीबोर्ड टेबलावर पालथे घालून ते ब्रशने धूळ काढत होते. मी म्हटलं, "सर, डोळे मिटून टाइप करा आणि एंटर मारा." चाललं. मास्तर एवढे मनापासून हसले की आतल्या खोलीतले वाचक बाहेर आले. पुढे त्यांनी स्वतः तिघांना लिनक्स शिकवलं, आणि शिकवताना ही गोष्ट सगळ्यात आधी सांगितली. मिंटमध्ये तारे दिसण्याची सोय केलेली असते, म्हणून ताईंना हा धक्का बसला नसावा.

सुडोबद्दलचा दुसरा विनोद असा. ज्याला अधिकार नाही त्याने सुडो वापरलं की वर्षानुवर्षं एक वाक्य दिसत आलंय, त्याचा अर्थ: तुमचं नाव अधिकाऱ्यांच्या यादीत नाही, या प्रकाराची तक्रार वर केली जाईल. विद्यापीठाच्या सामायिक मशीनवर तो संदेश खरोखर व्यवस्थापकाला ईमेलने जायचा. घरच्या लॅपटॉपवर व्यवस्थापक तुम्हीच, तक्रार करणारे तुम्हीच आणि तक्रार ज्याच्याकडे जाते तेही तुम्हीच. आमच्या लॅबमधला सातवीतला एक मुलगा हे वाक्य वाचून रडवेला झाला होता, त्याला वाटलं मुख्याध्यापकांकडे चिठ्ठी गेली. म्हणून मी आता मुलांना ते वाक्य पहिल्याच तासाला मुद्दाम काढून दाखवतो.

प्रिंटरवर मात्र जरा जास्त लिहितो, कारण लिनक्समागच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या सगळ्या चळवळीची एक मुळी प्रिंटरपर्यंत जाते. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरचा कागद अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर तसा संदेश यावा, अशी सुधारणा त्यांनी त्याच्या प्रोग्राममध्ये केली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याचाही कागद अडकायचा, पण प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे बदल करता येईल असा मूळ मजकूर, काही मिळेना. ज्यांच्याकडे तो होता त्यांनी गुप्ततेच्या कराराचं कारण सांगून द्यायला नकार दिला. ही हकिगत स्टॉलमन यांनी जाहीर भाषणांतून अनेकदा सांगितली आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी कोणालाही वापरता-बदलता येईल अशी सिस्टिम बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यामुळे लिनक्सवाला प्रिंटरवर वैतागतो तेव्हा त्याच्या वैतागाला चार दशकांचा वारसा असतो.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक जुना संदेश आजही लिहिलेला आहे: एलपी-० ला आग लागली आहे. एलपी-० म्हणजे पहिला प्रिंटर. समांतर पोर्टवरचा प्रिंटर काहीतरी बिघडलंय असं सांगतो, पण कागद संपलाय असंही म्हणत नाही आणि बंद आहे असंही म्हणत नाही, तेव्हा हा संदेश निघायचा. शक्यता तपासून संपल्या, आता काय उरलं, तर आग. जुन्या मोठ्या यंत्रांच्या काळापासून चालत आलेला हा संदेश आहे आणि तो काढून टाकायला कोणाचं मन झालेलं नाही, याचा मला फार आनंद वाटतो.

आता मंगळवार. २००९ च्या सुमाराला उबुंटूच्या बग नोंदवायच्या जागी एका वापरकर्त्याने लिहिलं की आपल्या पत्नीची तक्रार आहे, ओपनऑफिस हा कागदपत्रं लिहायचा प्रोग्राम मंगळवारी प्रिंट काढत नाही. त्यालाही आधी हसू आलं. मग तपासलं तर ती म्हणत होती ते खरं निघालं. सोमवारी प्रिंट निघायची, बुधवारी निघायची, मंगळवारी नाही. कारण ऐका. प्रिंटरकडे जाणाऱ्या फाइलमध्ये तयार झाल्याची तारीख लिहिलेली असते आणि तिची सुरुवात इंग्रजी वाराच्या तीन अक्षरांनी होते. फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखणारा एक छोटा प्रोग्राम लिनक्समध्ये असतो. तो फाइलच्या ठरावीक जागेवरची अक्षरं बघून निदान करतो. एर्लांग या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या एका जुन्या प्रकारच्या फाइलची खूण म्हणून त्याच्या यादीत १९९१ मधली एक पूर्ण तारीख होती, नेमकी मंगळवारची. नोंद करताना मोकळ्या जागा नीट न बांधल्यामुळे पूर्ण तारखेऐवजी फक्त वाराची तीन अक्षरं जुळली तरी प्रोग्राम म्हणायचा, ही एर्लांगची फाइल आहे. मग प्रिंटरच्या ड्रायव्हरने ती छापायला नकार दिला तर त्यात त्याचं काय चुकलं?

ही गोष्ट मी कॉलेजच्या मुलांना आवर्जून सांगतो. लोक म्हणतात 'बाईंना काय कळतंय कॉम्प्युटरमधलं', आणि इथे त्या बाईंचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. तुमच्या घरात कोणी म्हणालं की पाऊस पडला की नेट जातं, किंवा फ्रिज सुरू झाला की माऊस उड्या मारतो, तर हसण्याआधी दोन दिवस वहीत वेळा लिहून ठेवा. मी असा एक माऊस खरोखर पाहिला आहे, अर्थिंग नव्हतं.

आजच्या प्रिंटरचं सांगायचं तर परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. नेटवर्कवर चालणारे नवे प्रिंटर बहुतेक वेळा ड्रायव्हर न टाकताच दिसतात. अडतो तो झेरॉक्सच्या दुकानात सगळीकडे असणारा जुना स्वस्त लेझर प्रिंटर, ज्याची भाषा कंपनीने स्वतःपुरती ठेवलेली असते. जुनं मशीन लिनक्सवर आणायच्या आधी प्रिंटरचं मॉडेल तपासा, हा माझा पहिला सल्ला असतो.

डाटाकार्डाची आठवण थोडक्यात सांगतो, कारण २०१० च्या आसपास आपल्याकडे गावोगावी हाच किस्सा होता. यूएसबीचं डाटाकार्ड लावलं की लिनक्सला ते मॉडेम न दिसता सीडी दिसायची. विंडोजचा ड्रायव्हर सोबत द्यायचा म्हणून कार्ड आधी सीडीचं सोंग घ्यायचं आणि मग रूप बदलायचं. रूप बदलायला लावणारा यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्राम लिनक्ससाठी होता, पण तो उतरवायला नेट हवं, आणि नेट त्या कार्डात. लग्नासाठी नोकरी आणि नोकरीसाठी लग्न असा तो घोळ. मी पेनड्राइव्हमध्ये तो प्रोग्राम घेऊनच फिरायचो. आता वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर मोबाइल केबलने जोडून टेदरिंग चालू करा, पाच मिनिटांचं काम.

व्हिमचा विनोद सगळ्यांत जास्त उगाळलेला. व्हिम हा मजकूर लिहायचा प्रोग्राम. त्यात शिरलं की अक्षरं टाइप होण्याऐवजी आज्ञा म्हणून घेतली जातात, आणि बाहेर पडायचं बटण कुठेच नसतं. एस्केप दाबून कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर, हा बाहेरचा रस्ता. स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाने मे २०१७ मध्ये जाहीर केलं की व्हिममधून बाहेर कसं पडायचं या एका प्रश्नाचं पान १० लाखांहून जास्त वेळा पाहिलं गेलंय. त्यामुळे अडकलात तर एकट्या नाही आहात. घाई असेल तर त्याऐवजी नॅनो हा प्रोग्राम वापरा, त्यात खालीच सगळं लिहिलेलं असतं.

पण व्हिममध्ये अडकलेल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट दाखवतो. रिकामं व्हिम उघडलं की पहिल्याच पडद्यावर बरेचदा युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. व्हिम लिहिणारे ब्राम मोलेनार युगांडातल्या किबाले गावी राहून आले होते. प्रोग्राम फुकट घ्या, आवडला तर तिथल्या अनाथ मुलांच्या शिक्षणाला पैसे द्या, असा त्यांचा करार. १९९१ पासून ते मरेपर्यंत, म्हणजे ३ ऑगस्ट २०२३ पर्यंत, त्यांनी व्हिम सांभाळलं. जगभर लोक ज्या पडद्याला वैतागून हसत होते त्या पडद्यावरून शाळेची फी जात होती. मला हा विनोद त्यामुळे कधीच निव्वळ विनोद वाटला नाही.

आता जो विनोद मला अजिबात आवडत नाही त्याबद्दल. नव्या माणसाने काही विचारलं की 'फ्रेंच भाषेचा संच काढून टाका, मशीन जलद होईल' असं सांगून कोणी एक आज्ञा देतं. सुडो, मग आरएम, मग वजाचं चिन्ह आणि आरएफ किंवा एफआर (हेच फ्रेंच असं भासवतात), मग तिरकी रेघ. ती आज्ञा डिस्कवरच्या सगळ्या फाइल मुळापासून पुसायची आज्ञा आहे. ती कधीही देऊ नका. २००६ पासून या आज्ञेला कुलूप घातलेलं आहे, अशी नुसती दिली तर ती नकार देते. पण तिचे वळसे घालून केलेले प्रकार फिरत असतात, आणि आपल्या पोरीचे बारशापासूनचे फोटो गमावलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. ज्याला विश्वासाने विचारलं त्यानेच खड्ड्यात ढकललं, यात हसण्यासारखं काही नाही.

चूक जाणकारांच्याही हातून होते, ती वेगळी. २०११ मध्ये बंबलबी नावाच्या एका प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये पुसायच्या जागेचा पत्ता लिहिताना यूएसआर या शब्दानंतर एक स्पेस जास्तीची पडली. पत्त्याचे दोन तुकडे झाले, आणि आतल्या एका छोट्या फोल्डरऐवजी अख्खं यूएसआर पुसलं जायला लागलं, ज्यात जवळपास सगळे प्रोग्राम असतात. आपल्याकडे 'ध'चा 'मा' झाला म्हणतात, त्यात निदान एक अक्षर तरी बदललं होतं. इथे नुसती मोकळी जागा. चूक कळताच ती दुरुस्त झाली, आणि त्या दुरुस्तीखाली जगभरच्या लोकांनी चित्रं आणि विनोद चिकटवून भिंत भरून टाकली. हा विनोद मला आवडतो, कारण ज्यांचं मशीन उडालं तेही त्यात सामील होते.

नोव्हेंबर २०२१ मधली गोष्टही ऐकून ठेवा. लिनस टेक टिप्स या प्रसिद्ध यूट्यूब चॅनेलच्या लिनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएस या लिनक्सच्या प्रकारावर स्टीम हा गेम खेळायचा प्रोग्राम टाकायला घेतला. पॅकेजमधल्या एका गफलतीमुळे स्टीम टाकण्यासाठी डेस्कटॉपच काढावा लागेल असं सिस्टिमने ठरवलं आणि इशारा देऊन विचारलं: खरंच करायचं असेल तर 'हो, मी म्हणतो तसं कर' हे वाक्य टाइप करा. त्यांनी केलं. डेस्कटॉप गेला, काळा पडदा उरला. तेव्हा बरेच जण म्हणाले, इशारा वाचायला नको का? मला ते पटलं नाही. ज्याला गेम खेळायचा आहे त्याला शंभर पॅकेजांच्या यादीतून धोका ओळखता येईल ही अपेक्षाच चूक. प्रोग्राम टाकणारं-काढणारं एपीटी हे साधन सांभाळणाऱ्यांनाही ते पटलं असावं, कारण लवकरच त्यांनी असं काढून टाकणं खूप अवघड करून ठेवलं. 'हो, मी म्हणतो तसं कर' हे वाक्य मात्र कायमचं बोलीत आलं. आमच्या लॅबमध्ये कोणी न वाचता ओके दाबायला लागलं की मागून कोणीतरी ते म्हणतंच.

आर्चवाल्यांचं एका परिच्छेदात उरकतो. आर्च ही २००२ मध्ये जड व्हिने यांनी सुरू केलेली डिस्ट्रो, म्हणजे मिंटसारखाच लिनक्सचा एक प्रकार, जी पूर्वी सगळी हाताने जोडावी लागायची. जोडून झाल्यावर सांगावंसं वाटणारच, म्हणून 'मी आर्च वापरतो बरं का'. तुम्ही आर्च वापरा न वापरा, आर्चची विकी, म्हणजे नेटवरची माहितीची पानं, मात्र वापरा. मिंटवर अडलेल्या निम्म्या गोष्टींची उत्तरं तिथे मिळतात. आणि 'यंदाचं वर्ष लिनक्स डेस्कटॉपचं' हा दरवर्षीचा विनोद ऐकाल तेव्हा लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स यांचा २५ ऑगस्ट १९९१ चा संदेश आठवा. त्यात त्यांनी लिहिलं होतं की हा नुसता छंद आहे, ग्नूसारखं मोठं आणि व्यावसायिक काही होणार नाही. त्यांच्याकडे होती त्या प्रकारच्या हार्डडिस्कशिवाय दुसऱ्या कशावर ते बहुधा चालणारही नाही, असंही वर सांगितलं होतं. आज तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच कर्नलवर चालतो.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला येणारी गंमत इंग्रजी विनोदांत सापडणार नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवतो. पहिली म्हणजे टर्मिनल. मराठी नावाची फाइल तिथे पाहिली की अनेक टर्मिनलांत 'हिशोब' मधली वेलांटी एकीकडे, ह दुसरीकडे असं दिसतं. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एकेक चौकोन देतं, आणि आपली अक्षरं एकमेकांना धरून चालतात, त्यामुळे ती ओढाताण. फाइलला काही झालेलं नसतं, फाइल मॅनेजरमध्ये ती नीट दिसते. दुसरी म्हणजे लोहित फॉन्ट. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये भारतीय भाषांसाठी मुक्त परवान्याचे फॉन्ट दिले आणि पुढे त्यांवर पुण्यातल्या लोकांनी बरीच वर्षं मेहनत घेतली. लोहित म्हणजे लाल. लाल टोपीवाल्यांचा फॉन्ट लोहित. हा श्लेष समजायला संस्कृत-मराठी यावं लागतं, आणि तो आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

तिसरी गोष्ट रफाराची. एका शाळेत पोषण आहाराचा हिशोब फोनेटिक कीबोर्डवर टाइप करून वर पाठवला. स्वयंपाकाचं काम करणाऱ्यांच्या रकान्यात 'आचाऱ्यांचे मानधन' हवं होतं, तिथे 'आचार्यांचे मानधन' गेलं. वरून विचारणा आली, शाळेत आचार्य किती आणि कोणत्या विषयाचे? हेडबाईंनी मला तो कागद दाखवला तेव्हा आम्ही दोघं हसलो, पण टाइप करणाऱ्या क्लार्कला कुठली कळ दाबायची हे कोणी शिकवलेलंच नव्हतं. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत ते सरळ आहे. शिफ्ट धरून इंग्रजी 'जे' ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, मग 'डी' दाबून हलन्त, मग तिरक्या रेघेच्या कळीवर य. झालं ऱ्य. साधा र घेतलात तर रफार होतो. लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट फुकट आणि तयार असतं, सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड निवडायचा एवढंच. १५ दिवस रोज अर्धा तास दिला की हात बसतो. मी त्या क्लार्कला कळांचा कागद छापून मॉनिटरच्या कडेला चिकटवून दिला, तो अजून तिथेच आहे.

रात्री उशिरा काम करणाऱ्यांसाठी एक किस्सा. लिनक्समध्ये मदतीची पानं दाखवणारी आज्ञा 'मॅन' या नावाची आहे. २०१७ मध्ये कोणाच्या तरी आपोआप चालणाऱ्या चाचण्या रात्री साडेबाराला फसायला लागल्या, कारण बरोबर १२:३० वाजता नुसतं मॅन लिहिलं की नेहमीच्या संदेशासोबत 'गिमी गिमी गिमी' असे शब्द यायचे. अ‍ॅबा या स्वीडिश चमूच्या ज्या गाण्यात मध्यरात्रीनंतर एक 'मॅन' हवा अशी मागणी आहे, त्याची ती गंमत २०११ पासून आत दडलेली होती. सांभाळणाऱ्याने स्वतः येऊन कबूल केलं आणि कोणाच्या कामात अडथळा येतोय म्हणून ती काढूनही टाकली. माझ्या मते दोन्ही गोष्टी योग्य केल्या, गंमत घातली तेही आणि काढली तेही.

शेवटी मुलांचं आवडतं. फाइलींची यादी बघायची आज्ञा एलएस. घाईत अक्षरं उलटी पडून एसएल लिहिलं जातं. तोयोदा मासाशी या जपानी गृहस्थांनी १९९३ मध्ये एसएल नावाचाच प्रोग्राम लिहून ठेवला. चूक केलीत की पडद्यावरून अक्षरांनी काढलेलं वाफेचं इंजिन धूर सोडत जातं, आणि ते पूर्ण जाईपर्यंत कंट्रोल-सी दाबूनही थांबत नाही. मिंटवर तो वेगळा टाकावा लागतो. आमच्या लॅबमध्ये मुलं मुद्दाम चुकतात.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, या गाडीवर आपल्या गावाचं नाव घालता येईल?" मी म्हटलं, बघूया. सोर्स कोड उतरवला. त्यातल्या एका फाइलमध्ये ते इंजिन ओळीओळीने अक्षरांत मांडलेलं आहे, रेघा, कंस आणि ठिपके. मराठी अक्षरं तिथे नीट बसणार नाहीत हे तिला सांगितलं, कारण वर लिहिलेलीच चौकोनांची भानगड. मग तिने इंग्रजी आद्याक्षरं घ्यायची ठरवली. पहिल्यांदा एक अक्षर जास्त झालं आणि डब्याची मागची बाजू एका घराने सरकून वाकडी झाली. तिने पडद्याला बोट लावून एकेक अक्षर मोजलं, एक रिकामी जागा काढली, प्रोग्राम नव्याने बांधणारी मेक ही आज्ञा लिहून एंटर मारला आणि गाडी पुन्हा सोडली. इंजिन सरळ गेलं, अंगावर गावाची तीन अक्षरं घेऊन. मागच्या बाकावरच्या मुलांनी शिट्टी वाजवली.